बालगंधर्वांची तबकडी कोणत्या वेगाने फिरवायची?

१२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची, मुलगी गेली आणि तरीही त्यांची भामिनी ठरल्या वेळी रंगमंचावर आली. मराठी घरांत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की सांगणाऱ्याचा आवाज कुठे भरून येणार हेही ऐकणाऱ्याला ठाऊक असते. त्यापुढे ८ जुलै १९२१चे गायकनट केशवराव भोसल्यांबरोबरचे संयुक्त 'मानापमान', अत्तराचा घमघमाट, खऱ्या शालूंचा आणि दागिन्यांचा हट्ट, 'द्रौपदी'च्या नेपथ्यावरचा खर्च, कर्ज, बोलपटांचा तडाखा, गायिका गोहरबाईंची सोबत, निकामी झालेले पाय. दरवर्षी २६ जूनला जयंती आणि १५ जुलैला पुण्यतिथी आली की हाच क्रम भाषणांतून, लेखांतून, मोबाइलवरच्या संदेशांतून फिरतो.

या गोष्टी खोट्या आहेत असे कुणी म्हणणार नाही. आक्षेप वेगळा आहे. ज्या गळ्यामुळे या आयुष्याची आठवण ठेवायची, तो गळा आपण नीट ऐकतच नाही. त्या आवाजाचा अस्सल पुरावा ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. त्यातल्या कितीतरी अजून खासगी कपाटांत, माळ्यावर, लोखंडी पेट्यांत पडून आहेत. आज इंटरनेटवर 'दुर्मीळ' म्हणून जे ऐकवले जाते, त्यात बराच भाग तबकडीवरून एलपी (नंतरची प्लास्टिकची रेकॉर्ड), एलपीवरून कॅसेट आणि कॅसेटवरून संगणक असा तीन हात फिरून आलेला असतो. एखाद्या हस्तलिखिताची नकलेची नक्कल करून त्यावर पाठचिकित्सा करावी, तसे हे चालले आहे.

गैरसमज सुरू होतो '७८' या आकड्यापासून. 'सेव्हंटी-एटची रेकॉर्ड' म्हणताना आपण मिनिटाला ७८ फेऱ्या हे गृहीत धरतो. भारतातले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२मध्ये सुरू झाले. त्यानंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षे मुद्रणाचा वेग कंपनीगणिक, यंत्रागणिक, कधी कधी मुद्रणाच्या बैठकीगणिकही बदलत असे. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या थोडे वरपर्यंत कोणताही वेग संभवतो. लेबलवर तो छापलेला असेलच असे नाही, आणि छापलेला असला तरी खरा असेलच असे नाही.

आता हिशेब करू. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली तर स्वर सुमारे साडेपाच टक्क्यांनी चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. पेटीवरची पांढरी एकची पट्टी शेजारच्या काळी एकच्या घरात जाते. ३ मिनिटे २५ सेकंदांचे पद ३ मिनिटे १५ सेकंदांत संपते. लय वाढते, तान अधिक चपळ वाटते, 'आ'कार आखडतो आणि आवाज बारीक होतो.

आवाज बारीक होतो म्हणजे अधिक बायकी वाटतो, ही गोष्ट अवघड आहे. स्त्रीभूमिका करणारा असामान्य गायक अशी प्रतिमा मनात असली की पट्टी चढलेली तबकडी चुकीची वाटतच नाही, उलट प्रतिमेला पुष्टी देते. आख्यायिका आणि यंत्रातली चूक एकमेकींना अशी सांभाळून घेतात. मग नवा अभ्यासक त्याच आवाजावरून 'बालगंधर्वांची पट्टी' ठरवतो, होतकरू गायक त्या पट्टीला गळा ताणतो आणि समीक्षक 'चपळ तान' हे वैशिष्ट्य म्हणून लिहून टाकतो.

तबकडीतले गाणे आधीच आवळलेले असते, हेही लक्षात घ्यायला हवे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावतात, बारा इंचीवर चार-साडेचार. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी रंगमंचावर 'मम आत्मा गमला'चा बिहाग 'वन्समोअर' घेत घेत खुलवायची. तबकडीसाठी तोच बिहाग स्थायी, अंतरा आणि मोजक्या जागांवर बसवावा लागे. अशा आवळलेल्या गाण्यावर चुकीच्या वेगाची आणखी घाई चढली की ऐकणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखल्यांनी या चाली बांधल्या, पण त्यांचा स्वतःचा आवाज तबकडीवर उरलेला नाही. त्यांची तालीम कानावर पडायची तर ती शिष्यांच्या तबकड्यांतूनच. म्हणून बालगंधर्वांची एक तबकडी बिघडली की दोन माणसांचा पुरावा बिघडतो.

खरा वेग शोधता येतो. चिकाटी मात्र लागते. ज्या तबकडीवर ऑर्गन किंवा पेटी ऐकू येते तिथे सुरुवात सोपी होते, कारण या वाद्यांचा स्वर वादकाला हलवता येत नाही. गायकाचा षड्ज कुठल्या तरी पट्टीवर बसलेलाच असणार. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये तबकडीच्या वेगाचे अंतर साधारण साडेचार फेऱ्यांचे पडते. म्हणजे ७८वर स्वर नेमका पट्टीवर येत असेल, तर साडेत्र्याहत्तर आणि साडेब्याऐंशीलाही तो पट्टीवरच येईल. शक्यता तीन-चार उरतात. त्यांतली निवड कानाने करायची: शब्दोच्चार स्वाभाविक वाटतात का, स्वरांचे आंदोलन थरथरल्यासारखे तर होत नाही ना, तबल्याच्या चाटेचा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचा पोत नैसर्गिक आहे का. या कामाला संगीत नाटकांत मुरलेला तबलजी किंवा ऑर्गनवादक शेजारी बसवावा, एकट्या तंत्रज्ञाने करू नये.

इथे एक खाचखळगा आहे. जुन्या ऑर्गनांचा स्वर आजच्या ४४० कंपनांच्या मापाला काटेकोर जुळेलच असे नाही. काही विलायती वाद्ये ४५२च्या आसपास लावलेली असत. तो फरक सुमारे पाव स्वराचा, म्हणजे तबकडीच्या हिशेबात दोन फेऱ्यांचा. यावर उपाय म्हणजे एका तबकडीवर निर्णय द्यायचा नाही. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात एक बारीक कोरलेला क्रमांक असतो, त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. तो त्या मुद्रणाचा असतो, लेबलवरचा क्रमांक विक्रीच्या यादीतला. लागोपाठच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या तबकड्या बहुधा एकाच बैठकीतल्या, एकाच यंत्रावरच्या आणि एकाच वाद्यसाथीच्या असतात. त्या चार-सहा तबकड्यांना एकच वेग लावून सगळ्यांचा स्वर जुळतो का पाहायचे. जुळला तर निर्णयाला आधार मिळतो. म्हणून हा क्रमांक न टिपता केलेले डिजिटायझेशन अर्धे वाया जाते, आणि घाईघाईने झालेल्या कामांत नेमका तोच गळतो.

आता वादळी आयुष्याकडे परत येऊ, कारण ते आयुष्य याच क्रमांकांत दडलेले आहे. बालगंधर्वांचा जन्म १८८८चा. विजेवरचे ध्वनिमुद्रण जगात १९२५मध्ये आले आणि आपल्याकडे त्यानंतर एक-दोन वर्षांत. म्हणजे ते चाळिशीच्या उंबरठ्यावर आले तेव्हा. त्याआधीचा तरुण गळा, १९०५मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेला, १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी करणारा, १९१६ची रुक्मिणी आणि १९१९ची 'एकच प्याला'मधली सिंधू गाणारा, तबकडीवर असेल तर फक्त कर्ण्यापुढे गायलेल्या मुद्रणात असणार. त्या पद्धतीत ध्वनिग्राहक नव्हता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि आवाजाच्या दाबानेच मेणावर रेघ उमटायची. वरचे आणि खालचे कंपन बरेचसे हरवून जायचे. हीच मुद्रणे सर्वांत मोलाची आणि आज तीच सर्वांत वाईट अवस्थेत ऐकायला मिळतात.

पुढचा पट सर्वांना माहीत आहे. १९३१मध्ये 'कान्होपात्रा' रंगमंचावर आले आणि त्याच वर्षी 'आलम आरा'. १९३२मध्ये मराठी बोलपट आला, पडद्यावर खऱ्या स्त्रिया गाऊ लागल्या. १९३५मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले. आयुष्यभर भामिनी-रुक्मिणी पाहिलेल्या प्रेक्षकाला तो पुरुषवेष पचला नाही. मग पुन्हा कंपनी, पुन्हा फिरती, आणि शेवटी बसून गायलेली भजने. या घसरणीत गळ्याचे काय झाले? पट्टी उतरली का, कधी आणि किती? श्वास तोकडा झाल्यावर त्यांनी शब्दांच्या जागा बदलल्या का? चरित्र लिहिणाऱ्याला यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न कोणते असतील? त्यांची उत्तरे तबकड्या मॅट्रिक्स क्रमांकाने लावून, खऱ्या वेगाने वाजवून, क्रमाने ऐकल्यावरच मिळतील. वेग चुकला तर पट्टी उतरल्याचा किंवा टिकल्याचा निष्कर्षही चुकणार. मग आपण आयुष्याबद्दल जे बोलतो तेही ऐकीव ठरते.

उतारवयातल्या खासगी ध्वनिफिती ऐकून 'एवढे काय होते यांच्यात?' असे विचारणारे तरुण भेटतात. त्यांना दोष देता येत नाही. थकलेला आवाज ध्वनिफितीवर स्वच्छ आहे आणि भरातला आवाज खरखरीखाली गाडलेला. २०११च्या चित्रपटानंतर अनेकांच्या कानात बालगंधर्व म्हणून आनंद भाटे यांचा गळा बसला. त्यांनी ते काम निष्ठेने आणि सुरेल केले, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण मुळाकडे जाण्याची वाट मोकळी नसेल तर चांगली प्रतिकृतीसुद्धा मुळाची जागा घेते.

तबकड्या मरतात कशा, तेही सांगायला हवे, कारण बहुतेक वेळा त्या प्रेमानेच मारल्या जातात. कार्यक्रमात कर्ण्याचा ग्रामोफोन मांडून दुर्मीळ तबकडी 'अस्सल वाद्यावर' वाजवण्याची हौस सर्वांत घातक. त्याच्या साऊंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या डोक्याचा, भार शंभर ग्रॅमपेक्षा जास्त असतो आणि पोलादी सुई एका बाजूसाठीच असते. तीच सुई दुसऱ्यांदा वापरली तर ती खोबणीच्या भिंती खरवडते. प्रत्येक वाजवणीला तारसप्तकातल्या जागा आधी झिजतात, म्हणजे गंधर्वांच्या गाण्यातला गाभाच जातो. आजच्या टर्नटेबलवर भार तीन ते पाच ग्रॅम पुरतो, पण सुई ७८ची हवी. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ ते २५ मायक्रॉन, ७८च्या सुईची साधारण ७५. एलपीची सुई लावली तर ती रुंद खोबणीच्या तळाशी साचलेल्या धुळीत घासत जाते आणि मग खरखर तबकडीची आहे असे आपण समजतो.

स्वच्छतेतही असाच घात होतो. तबकडी लाखेची असते: लाख, त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसायचे स्पिरिटयुक्त द्रावण किंवा काच पुसायचा फवारा लागला की पृष्ठभाग गेला. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचे थेंब, मऊ ब्रश, ब्रशाची दिशा खोबणीच्या गोलाईनेच, लेबल कोरडे, नंतर साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे आणि सावलीत वाळवणे, एवढेच करावे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. दहा आणि बारा इंची वेगळ्या ठेवाव्यात, कारण मिसळल्या की मोठ्या वाकतात. एका तबकडीचे वजन दोनशे ग्रॅमच्या वर असते, त्यामुळे आडव्या थप्पीतल्या खालच्या तबकड्यांना तडे जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकाव्यात आणि आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटे वापरावीत. फुटलेली तबकडी गोंदाने चिकटवू नये. तुकडे सपाट ठेवले तर जाणता माणूस ते जुळवून एकदा तरी वाजवून घेऊ शकतो.

मुद्रणाचे नियमही थोडेच आहेत. मोनो तबकडीसुद्धा स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या ग्राहकाने) खोबणीच्या दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून मुद्रित करावी, कारण खोबणीची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते आणि नंतर चांगली बाजू निवडता येते. एलपीसाठीचा फोनो प्रीअॅम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे यंत्र, तसाच वापरला तर तो वरचे कंपन दाबतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. ७८साठी सपाट मुद्रण करून दुरुस्ती नंतर करावी. मूळ मुद्रण एका ठरावीक, नोंदवलेल्या वेगाने व्हावे. वेग तपासायच्या चकतीवर ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघा असतात, त्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ असतो. चकतीवर प्रकाश मात्र जुन्या तारेच्या दिव्याचा किंवा निऑनचा पाडावा, बऱ्याच एलईडी दिव्यांत त्या रेघा फसवतात. खऱ्या वेगाची दुरुस्ती संगणकावर, प्रतीत. मूळ फाइलीतून खरखर काढायची नाही, हे तर दगडावरची रेघ समजावे. खरखर काढणारे सॉफ्टवेअर 'स' आणि 'श' खाते, सारंगीची धार खाते, श्वास खाते. बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द कसा टाकला जातो हेच शिकायचे असते, आणि 'सुजन कसा मन चोरी'तला 'स'च गेला तर विद्यार्थी शिकणार काय?

इतके करायला मोठा पैसा लागतो, हा पुढचा आक्षेप. आकडे पाहू. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्या: एका बाजूची फाइल सुमारे ११० मेगाबाइट. हजार बाजू म्हणजे ११० गिगाबाइट, जे आज खिशातल्या डिस्कवर मावते. तीन प्रती तीन गावांत ठेवल्या तरी डिस्कचा खर्च काही हजारांचा. खरा खर्च माणसांच्या वेळेचा. धुणे, दोन-तीन सुया लावून पाहणे, लेबलचा फोटो, क्रमांकांची नोंद, मुद्रण आणि ऐकून तपासणे यांना एका बाजूमागे पाऊण तास धरावा. दिवसाला आठ बाजू झाल्या तर हजार बाजूंना १२५ कामाचे दिवस, म्हणजे दोन जाणत्या माणसांचे सहा महिने. दोन दिवसांच्या दिमाखदार महोत्सवाच्या मांडवाशी आणि रोषणाईशी हा खर्च ताडून पाहावा.

कायद्याचाही बाऊ करू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजारात आलेल्या तबकड्यांचा तो कधीच संपला. किर्लोस्कर, देवल, गडकरी या नाटककारांच्या शब्दांवर बंधन उरलेले नाही, खाडिलकरांचे निधन १९४८चे, त्यांचाही काळ उलटला. जिथे संगीतकाराचा हक्क अजून चालू आहे, उदाहरणार्थ १९७४मध्ये गेलेले मास्टर कृष्णराव, तिथे परवानगी मागावी. आकाशवाणीच्या आणि खासगी ध्वनिफितींचा प्रश्न वेगळा आहे, तो नंतर सोडवता येईल.

अडचण आहे विश्वासाची. हा ठेवा मुख्यतः संग्राहकांनी राखला. मुंबईत १९९०पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारखी मंडळी स्वतःच्या खिशातून हे करत आली आहेत. अनेक संग्राहक संस्थांना तबकड्या द्यायला तयार नसतात आणि त्यांचे कारण रास्त आहे. दिलेला संग्रह कुलूपबंद होतो, यादी होत नाही, देणाऱ्याचे नाव पुसले जाते. दुसरीकडे संग्राहक गेल्यावर घर पुनर्विकासाला जाते, मुलांकडे जागा नसते आणि पेट्या जुन्या बाजारात वजनावर जातात. म्हणून तबकडी मागूच नये. आवाज मागावा. तंत्रज्ञाने यंत्र घेऊन संग्राहकाच्या घरी जावे, तिथेच मुद्रण करावे, तबकडी त्याच्या कपाटात परत ठेवावी, एक प्रत त्याला द्यावी आणि प्रत्येक फाइलीत त्याचे नाव कायमचे लिहावे. करारपत्र एका पानाचे पुरते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने असे एक पथक सहा महिन्यांसाठी नेमले तरी सुरुवात होईल.

पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचा पायाचा दगड खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२मध्ये बसला. वास्तू २६ जून १९६८ला उघडली, तेव्हा ते नव्हते. त्याच वास्तूच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षे आसनसंख्या, वाहनतळ आणि व्यापारी जागा यांभोवती फिरते आहे. वास्तू राहो की नवी होवो, आराखड्यात एक खोली मागायला हवी: दहा फूट बाय बारा फूट, आवाज न घुमणारी, सहा खुर्च्या, चांगले हेडफोन आणि एक संगणक. त्यावर प्रत्येक पदाच्या दोन फाइली असाव्यात, एक जशी मुद्रित झाली तशी आणि एक वेग दुरुस्त केलेली, शेजारी मॅट्रिक्स क्रमांक, ठरवलेला वेग आणि तो कशावरून ठरवला याची दोन ओळींची नोंद. ज्याला निर्णय पटणार नाही त्याने वेग बदलून ऐकावे आणि आपले मत तिथेच लिहून ठेवावे. 'अगा वैकुंठीच्या राया'ची भैरवी नेमकी कोणत्या पट्टीत आहे, यावर त्या खोलीत दोन जाणकारांचे भांडण झाले, तर २६ जूनचा कार्यक्रम त्या भांडणापासूनच सुरू करता येईल.